वाइन्सबर्गचे डॉक्टर

वाइन्सबर्गला लोक येतात ते बायकांच्या गोष्टीसाठी. ११४० सालच्या डिसेंबरात राजा कोनराड तिसरा याने इथल्या टेकडीवरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ला पडला. आतल्या पुरुषांना ठार करायचं ठरलं, बायकांना मात्र सूट मिळाली: पाठीवर जेवढं नेता येईल तेवढं घेऊन खुशाल जा. बायकांनी दागदागिने, भांडीकुंडी मागे टाकली आणि नवऱ्यांना पाठुंगळी मारून त्या टेकडी उतरल्या. राजाने दिलेला शब्द पाळला. किल्ल्याचं नावच पुढे बायकांच्या निष्ठेवरून पडलं, वायबरट्रॉय.

मी आलो होतो तो या गोष्टीच्या जवळजवळ सातशे वर्षांनंतर इथे राहायला आलेल्या एका डॉक्टरसाठी. युस्टिनुस केर्नर. जर्मनीत शाळकरी मुलं त्यांना कवी म्हणून ओळखतात, संगीतातले जाणकार त्यांना शूमानने चाली दिलेल्या बारा गीतांमुळे ओळखतात, आणि वाईन पिणारे त्यांच्या नावाच्या पांढऱ्या द्राक्षामुळे. १९२९ साली ट्रॉलिंगर आणि रीसलिंग यांच्या संकरातून निघालेल्या एका वाणाला पुढे केर्नर हे नाव दिलं गेलं. माझी ओढ वेगळीच होती. या एका माणसाने तिशीत एका जीवघेण्या विषाचं इतकं नेमकं वर्णन केलं की आजचा न्यूरॉलॉजिस्टही ते वाचून मान डोलावतो, आणि चाळिशीत त्याच चिकाटीने भुतांच्या नोंदी ठेवल्या. या दोन गोष्टी एकाच डोक्यात, एकाच घरात, एकाच टेबलावर कशा नांदल्या हे मला त्या घरात जाऊन पाहायचं होतं.

हाइलब्रॉनहून लोकल ट्राम-गाडी पकडली की थोड्याच वेळात डोंगराच्या पोटातला बोगदा लागतो आणि बाहेर पडताच द्राक्षमळ्यांनी कोरून काढलेले उतार समोर येतात. हा लोहमार्ग १८६२च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. केर्नर त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. वाफेची गाडी त्यांना मुळीच रुचत नव्हती. यंत्रांनी आकाशसुद्धा व्यापलं तर कवीने कुठे पाहावं, अशा अर्थाची कविता त्यांनी १८४५ मध्ये लिहिली, आणि तरुण गॉटफ्रीड केलरने तिला कवितेतूनच उलट उत्तर दिलं. नव्याची धास्ती घेणारा हा माणूस स्वतःच्या वैद्यकात मात्र काळाच्या दीडशे वर्षं पुढे होता.

स्टेशनपासून केर्नरहाउस चालण्याच्या अंतरावर आहे. टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या तटबंदीला लागून, १८२२ मध्ये केर्नरांनी ते बांधलं. तालुक्याचे सरकारी डॉक्टर म्हणून ते १८१९ मध्ये या गावी आले आणि पुन्हा कुठे गेले नाहीत. घर भव्य नाही. लाकडी जिने, बसक्या छताच्या खोल्या, भिंतींवर चित्रंच चित्रं. त्यांचा मुलगा थेओबाल्ड, तोही डॉक्टरच, १९०७ पर्यंत या घरात राहिला आणि त्याने वडिलांच्या वस्तू जिवापाड सांभाळल्या. म्हणून इथे संग्रहालयाचा कोरडेपणा जाणवत नाही. घरचं माणूस नुकतंच रोगी तपासायला बाहेर पडलंय असं वाटतं.

बागेच्या कडेला तटबंदीचा एक जुना बुरूज आहे. त्याला म्हणतात गाइस्टरटुर्म, भुतांचा मनोरा. केर्नरांनी तो पाहुण्यांच्या मुक्कामासाठी नीट करून घेतला. हंगेरीहून आलेला कवी निकोलाउस लेनाऊ इथे राहिला आणि आपल्या ‘फाउस्ट’चा काही भाग त्याने या बुरुजात लिहिला. स्वीडनचा पदच्युत राजा गुस्ताफ चौथा इथे येऊन गेला. १८३१च्या पोलिश उठावानंतर परागंदा झालेले सैनिक या रस्त्याने फ्रान्सकडे निघाले तेव्हा त्यांनाही इथे आसरा मिळाला. राजा आणि निर्वासित एकाच टेबलावर जेवत होते, आणि त्यांचं जेवण रांधणारी होती रिकेले, केर्नरांची पत्नी. या घराची कीर्ती गाणाऱ्यांनी कवींची नावं भरभरून घेतली. मला मात्र सारखं वाटत राहिलं की या अखंड पंगतीचा भार जिच्या खांद्यावर होता तिचं नाव आधी घ्यायला हवं.

या माणसाची पाळंमुळं शोधायची तर लुडविग्सबुर्गला जावं लागतं, आणि वाइन्सबर्गला येण्याआधी मी तिथे जाऊन आलो होतो. १८ सप्टेंबर १७८६ रोजी त्यांचा तिथे जन्म झाला. आखीवरेखीव चौकाचं, राजवाड्याभोवती वाढलेलं हे शहर. केर्नर साधारण बारा वर्षांचे असताना त्यांना पोटाचा असा विकार जडला की काही खाल्लेलं टिकेना. डॉक्टरांनी हात टेकल्यावर हाइलब्रॉनच्या गमेलिन नावाच्या वैद्याने त्यांच्यावर मेस्मरच्या पद्धतीने, म्हणजे अंगावरून हात फिरवून ‘प्राणिज चुंबकत्वा’चे उपचार केले. मुलगा बरा झाला. पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली मला इथे सापडते. लहानपणी ज्या उपचाराने जीव वाचला त्याला थोतांड म्हणणं माणसाला पुढे कधी जमेल?

१७९९ मध्ये वडील गेले आणि घरची घडी विस्कटली. पोराला कापडाच्या सरकारी कारखान्यात कारकुनीला लावलं. त्या कारखान्याच्या शेजारीच वेड लागलेल्यांना कोंडून ठेवत. केर्नर मोरचंग फार सुंदर वाजवत, आपल्याकडे राजस्थानी लोकसंगीतात आणि कर्नाटक संगीतात वाजतं तेच इवलं लोखंडी वाद्य. त्या कोंडलेल्या माणसांसमोरही ते ते वाजवत. पुढे डॉक्टर झाल्यावरही रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी मोरचंग वाजवलं. तुकडे जोडून पाहिले तर पुढचा केर्नर इथेच दिसू लागतो.

वैद्यकाकडे वळण्याची त्यांनी स्वतः सांगितलेली कथा तर अगदी त्यांच्या स्वभावातली. १८०४ मध्ये ते ट्युबिंगनला पायी निघाले, गावाच्या वेशीवर थकून झोपले. पहाटे वाऱ्याने इस्पितळाच्या खिडकीतून एक कागद उडत आला आणि त्यांच्यापाशी पडला. पाहतात तो डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाची चिठ्ठी. त्यांनी तो कौल मानला. ट्युबिंगनमध्ये त्यांचे गुरू होते आउटेनरीथ. १८०६ च्या शरदात त्यांच्या रुग्णालयात एक वेडा झालेला कवी आणला गेला, फ्रीडरिश होल्डरलिन. त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांत केर्नर होते. तीनेक वर्षांहून जास्त हा जगायचा नाही असं गुरूंनी सांगितलं. होल्डरलिन पुढे नेकार नदीकाठच्या सुताराच्या मनोऱ्यात छत्तीस वर्षं जगला. वैद्यकाच्या ठाम भाकितांवर केर्नरांचा विश्वास फारसा बसला नाही याचं मला नवल वाटत नाही.

आता त्या विषाकडे येतो, कारण मला वाटतं केर्नरांची खरी उंची इथे कळते. नेपोलियनच्या युद्धांनी इथल्या व्युर्टेमबर्ग राज्याची माती झाली होती. गरिबी इतकी की डुकराचा कण्‌कण वापरायचा. रक्त, यकृत, चरबी, पाव असं सगळं आतड्यात किंवा जठरात भरून मोठमोठी सॉसेज उकळायची आणि धुराड्यात टांगायची. गोव्यातल्या चोरिसांसारखी बोटभर नव्हे, तर जाडजूड. आतल्या भागापर्यंत धूर पोचत नसे, उष्णता पोचत नसे, हवाही पोचत नसे. आणि हिवाळा सरता सरता एखाद्या घरात ती कापली की दोन-तीन दिवसांत घरात प्रेतं. त्या युद्धांच्याही आधी, १७९३ मध्ये, वाइल्डबाड गावात तेरा जण आजारी पडले होते, सहा मेले.

केर्नरांनी १८१७ पासून या आजारावर लिहायला सुरुवात केली. १८२० च्या पुस्तकात त्यांनी ७६ रोग्यांचा वृत्तांत मांडला, १८२२ च्या दुसऱ्या पुस्तकात १५५ रोग्यांचा. ती वर्णनं वाचताना अंगावर काटा येतो. डोळ्यांत अश्रू येईनासे होतात, तोंड कोरडं पडतं, पापण्या मिटल्या जातात त्या उघडत नाहीत, एकाची दोन माणसं दिसतात, घास गिळता येत नाही, आवाज जातो, हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वास थांबतो. आणि या सगळ्यात शुद्ध शेवटपर्यंत लख्ख असते. रोगी ऐकत असतो, समजत असतो. खेड्यापाड्यांत घोड्यावरून फिरून, घरच्यांना विचारून, मेलेल्यांचं शवविच्छेदन करून एका तालुका डॉक्टरने हे लिहिलं.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. विषारी सॉसेजचा अर्क काढून त्यांनी मांजरं, ससे, पक्षी, बेडूक, गोगलगायी यांच्यावर प्रयोग केले. मग अर्काचे थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवले आणि तोंड कोरडं पडल्याची नोंद केली. त्यातून निघालेले निष्कर्ष पाहा: हे विष हवा न पोचणाऱ्या सॉसेजमध्ये तयार होतं, ते मज्जातंतूंमधून जाणारा आदेश तोडतं, अगदी अल्प मात्रेत जीव घेतं, आणि शेवटी, जिथे मज्जातंतू नको तितके उत्तेजित झाल्याने स्नायू बेफाम हलतात अशा आजारांत हेच विष अगदी थोडं दिलं तर औषध ठरू शकेल. विष म्हणजे एक प्रकारचं चरबीतलं आम्ल, हा त्यांचा तर्क चुकला. जंतूंचं शास्त्र अजून जन्मालाच यायचं होतं. बेल्जियममध्ये फान एरमेंगेमने तो जंतू शोधला तो १८९५ च्या साथीत. आणि औषधाचा अंदाज खरा ठरला तो १९८० च्या सुमारास, जेव्हा अमेरिकेत अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांच्या स्नायूंत हे विष टोचून डोळे सरळ केले.

माझ्या मावशीचे डोळे आपोआप घट्ट मिटायचे. पापण्यांचे स्नायू आखडण्याचा आजार. रस्ता ओलांडताना मध्येच अंधार. देवाचं झालं, नवस झाले, बाहेरची बाधाही बघून झाली. मग पुण्यातल्या एका डॉक्टरांनी पापणीपाशी सुईने बॉटुलिनम, म्हणजे हेच विष, टोचलं आणि आठवड्याभरात मावशी माझ्याकडे बघून हसली. दर काही महिन्यांनी ते पुन्हा टोचावं लागतं, पण ती आता स्वतः पोथी वाचते. केर्नरहाउसच्या त्या बसक्या खोलीत उभा असताना मला मावशीच आठवत होती. हा माणूस तिचाही डॉक्टर.

आणि याच डॉक्टरकडे २५ नोव्हेंबर १८२६ रोजी एका मरायला टेकलेल्या बाईला आणलं.

फ्रीडरिके हाउफे पंचवीस वर्षांची होती. जवळच्या डोंगरातल्या प्रेवोर्स्ट या जंगलातल्या वस्तीत वनरक्षकाच्या घरी जन्मलेली, लोव्हेन्स्टाइनला आजोबांकडे वाढलेली, एकोणिसाव्या वर्षी एका व्यापाऱ्याला दिलेली. लग्नानंतर ती जी अंथरुणाला खिळली ती खिळलीच: आचके, ताप, रक्तस्राव, दात पडलेले, हाडांची काडं. दिवसचे दिवस ती अर्धवट झोपेत असे आणि त्या झोपेत बोलत असे.

केर्नरांच्या वागण्यातली एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. सुरुवातीला त्यांनी तिला सांगितलं की झोपेत तू काय बोलतेस याची मी दखलही घेणार नाही, साधी औषधं देईन. त्यांनी काही आठवडे तसंच केलं. प्रत्येक औषधाचा परिणाम उलटा होत गेला. हार मानून त्यांनी त्या झोपेतल्या बाईलाच विचारलं की तुझ्यावर काय उपाय करू. तिने सांगितलं, ते त्यांनी केलं, तिला थोडा उतार पडला. १८२७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तिला आपल्या घरात ठेवून घेतलं. इथून डॉक्टर आणि रोगी यांच्या जागा बदलत गेल्या.

ती भुतं पाहत असे. ती तिच्या खाटेपाशी येत, गाऱ्हाणी सांगत, प्रार्थना मागत. ती एक वेगळीच भाषा बोले, एक वेगळीच लिपी लिही, आणि तिच्या मते ती माणसाची मूळ भाषा होती. ती वर्तुळं काढी, वर्तुळात वर्तुळं. त्यांना ती सूर्यचक्रं आणि जीवनचक्रं म्हणे, आणि आपला एकेक दिवस त्यात मांडत असे. तिने मज्जातंतूंना सूर लावण्याचं एक उपकरणही सुचवलं. केर्नर तिच्या हातात वेगवेगळे दगड, धातू, वनस्पती ठेवत आणि काय होतं ते टिपून ठेवत. तुरुंगात, कचेरीत, घराघरांत तिच्याविषयी बोललं जाई. एकदा तिने एका मृत हिशेबनिसाचं भूत आपल्याला एका हरवलेल्या कागदाची जागा सांगतंय असं सांगितलं, आणि इथल्या न्यायाधीशांना आपल्या कचेरीत तसा कागद मिळाला. केर्नरांना यात आत्म्याचा पुरावा दिसला.

५ ऑगस्ट १८२९ ला ती लोव्हेन्स्टाइनमध्ये वारली. त्याच वर्षी ‘प्रेवोर्स्टची द्रष्टी’ हे दोन भागांचं पुस्तक आलं आणि जर्मनीभर गाजलं. तत्त्वज्ञ शेलिंग, धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखर अशा मोठ्यांनी त्याची दखल घेतली. दुसऱ्या बाजूने टवाळीही उसळली. इमरमानने आपल्या ‘म्युंखहाउझेन’ कादंबरीत वाइन्सबर्गच्या भुतांवर आणि त्यांच्या डॉक्टरवर यथेच्छ आसूड ओढले.

केर्नर मागे हटले नाहीत. त्यांनी या विषयाला वाहिलेली नियतकालिकं काढली, आधी ‘प्रेवोर्स्टची पानं’, मग १८४० पासून ‘मागिकॉन’. देशभरातून लोक त्यांना झपाटलेल्यांच्या, स्वप्नांच्या, पूर्वसूचनांच्या हकिकती पाठवत. यातली एक हकिकत पुढे फार विचित्र वाटेने गेली. जहाजावरच्या लोकांना ज्वालामुखीपाशी हवेतून जाणारी माणसं दिसल्याची गोष्ट ‘प्रेवोर्स्टची पानं’मध्ये छापली होती, ती जवळजवळ जशीच्या तशी नीत्शेच्या ‘झरतुष्ट्र’मध्ये आली आहे, हे तरुण कार्ल युंगने पकडलं. नीत्शेने ती लहानपणी वाचली, विसरला, आणि लिहिताना ती स्वतःची म्हणून उमटली. युंगला ही पानं माहीत होती कारण तो स्वतः केर्नरांचा वाचक होता. १९०२ च्या त्याच्या प्रबंधात झपाटलेल्या एका तरुणीचा अभ्यास आहे आणि तिच्या शेजारी केर्नरांची द्रष्टी उभी आहे. माणसाच्या मनात त्याला ठाऊक नसलेलं दुसरं कुणी राहतं, या विचाराच्या वाटेवर वाइन्सबर्गचं हे घर एक ठाणं आहे.

लंडनमध्ये अतींद्रिय अनुभवांचं संशोधन करणारी संस्था निघाली १८८२ मध्ये. त्याआधी जवळजवळ अर्धशतक केर्नर हे काम इथे एकटे करत होते. १८३५ मध्ये वाइन्सबर्गच्या तुरुंगातल्या एका कैदी विधवेकडे रात्री भूत येऊ लागलं. न्यायालयाने केर्नरांना तिची तपासणी करायला सांगितलं. त्यांनी तिला तपासलं, आणि मग साक्षीदार गोळा केले: वकील, गणिताचे अध्यापक, चित्रकार, शेजारच्या गावातले डॉक्टर. त्यांनी त्या कोठडीत रात्री काढल्या आणि काय ऐकलं, काय पाहिलं, हे केर्नरांनी प्रत्येकाकडून लिहून घेतलं. १८३६ मध्ये ते सारं छापलं.

माझं मत सांगतो. सॉसेजच्या विषावर आणि भुतांवर लिहिणारा केर्नर एकच आहे. रोगी काय सांगतो ते हसण्यावारी न नेता ऐकायचं, तारीख टाकून लिहायचं, साक्षीदार शोधायचे, ही सवय दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की विषाच्या बाबतीत त्यांच्याकडे ससे होते, स्वतःची जीभ होती, एकाच आजाराचे दीडशे रोगी होते. फ्रीडरिके एकटीच होती. आणि तिच्या झोपेत ते स्वतः गुंतले होते. तिला झोपवणारे तेच, प्रश्न विचारणारे तेच, उत्तराची वाट पाहणारेही तेच. डॉक्टरला काय ऐकायचंय हे त्या हुशार, संवेदनशील बाईला कळत नसेल असं मला वाटत नाही. तिने फसवलं असं मी म्हणत नाही. दोघांनी मिळून ती दुनिया उभी केली, एकमेकांच्या आधाराने, आणि दोघांचाही तिच्यावर विश्वास होता. भुतं खरी होती असं मी मानत नाही. पण केर्नरांना भोळा म्हणून बाजूला सारणाऱ्यांवर मला राग येतो. वेड्यांना कोंडून, साखळदंडांनी बांधून ठेवणाऱ्या त्या जगात एका डॉक्टरने एका बाईची झोपेतली बडबड पानं पानं लिहून घेतली. आपल्याकडे बाईच्या अंगात यायचं तेव्हा तिला देवऋषीकडे नेत, नंतर डॉक्टरकडे नेऊ लागले. तिचं बोलणं कुणी टिपून ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

दुपारी टेकडी चढलो. केर्नर आले तेव्हा गावकरी किल्ल्याचे दगड बांधकामाला पळवत होते. केर्नरांनी बायकांची संस्था उभारली, किल्ल्याच्या दगडांचे तुकडे बसवलेल्या अंगठ्या विकून पैसा गोळा केला, आणि १८२४ मध्ये राजाने भग्न किल्ला त्या संस्थेच्या ताब्यात दिला. जाड बुरुजाच्या झरोक्यांत त्यांनी वाऱ्यावर वाजणाऱ्या वीणा बसवल्या. मी गेलो त्या दिवशी वारा चांगला होता. तारांतून येणारा तो सूर कुणीच वाजवत नाही, आणि तरी तो एकदा चढतो, एकदा विरतो. भुतांवर विश्वास असलेल्या माणसाला हे वाद्य इतकं का आवडलं असेल ते तिथे उभं राहिलं की समजतं. बुरुजाच्या भिंतींवर पाहुण्यांची नावं कोरलेली आहेत. समोर गाव दिसतं, त्यापलीकडे मळे, मळ्यांपलीकडे १९०३ मध्ये सुरू झालेलं मनोरुग्णालय. १९४५ च्या एप्रिलमध्ये गाव जळून राख झालं होतं. आज दिसतात ती बहुतेक घरं त्यानंतरची.

पुन्हा घरात आलो ते शाईचे डाग पाहायला. मोतीबिंदूने दृष्टी जाऊ लागली तेव्हा पत्र लिहिताना केर्नरांकडून कागदावर शाई सांडे. ते कागद दुमडत, दाबत, उघडत. दोन्हीकडे सारखे पंख, सारखी शिंगं, सारखे डोळे. त्यात त्यांना पाताळातले जीव दिसत. दोनचार रेघा ओढून ते त्यांना चेहरा देत आणि खाली कविता लिहीत. १८५१ मध्ये नोकरी सोडावी लागली, १८५४ मध्ये रिकेले गेली, त्यानंतर हेच त्यांचं विरंगुळ्याचं काम होतं. या डागांचं पुस्तक छापलं गेलं ते मरणानंतर, १८९० मध्ये. स्वित्झर्लंडमध्ये शाळकरी हेरमान रोरशाखला मुलं ‘क्लेक्स’, म्हणजे डाग, म्हणून हाक मारत, इतका हा खेळ तोवर घरोघरी पोचला होता. त्याच रोरशाखने पुढे त्यातून मनाची चाचणी काढली. केर्नरांनी डागांत भुतं पाहिली. रोरशाखने पाहणाऱ्याला पाहिलं.

गावच्या स्मशानात त्यांची कबर आहे. दगडावर आधी पत्नीचं पूर्ण नाव आहे, आणि तिच्याखाली ‘तिचा युस्टिनुस’ अशा अर्थाचे शब्द. ही त्यांचीच इच्छा. दिवसभर माझ्या मनात असलेल्या तक्रारीचं उत्तर तिथे मिळालं.

दुसऱ्या दिवशी बसने लोव्हेन्स्टाइनला गेलो, आणि तिथून पुढे प्रेवोर्स्टकडे. डोंगर वर वर जातो, मळे संपतात, बीच आणि फरची झाडं दाटत जातात. वस्ती लहान आहे, शेतं आणि जंगल यांच्या मधली. एका घरासमोर लाकडं रचत असलेल्या आजींना मी द्रष्टीविषयी विचारलं. त्या म्हणाल्या, “तिच्याविषयी विचारायला येतात ते सगळे केर्नरांचं पुस्तक वाचून येतात. पण ती आमची मुलगी होती.” मग त्यांनी जंगलाकडे हात करून सांगितलं की वनरक्षकाचं आयुष्य किती कष्टाचं असे, हिवाळ्यात ही वाट कशी बंद होई. भुतांचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

परत आल्यावर स्टुटगार्टच्या राज्य ग्रंथालयात ते पुस्तक मागून घेतलं. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण त्या टेबलावर मुंबई फार दूर होती. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात शिकलेलं माझं जर्मन जुन्या काट्याकाट्यांच्या छपाईसमोर अडखळत होतं. शेवटी जोडलेले वर्तुळांचे घडीचे तक्ते उलगडले. किती बारीक अक्षरं, किती नीट आखलेले महिने. सात वर्षांच्या आजारपणाचा हिशेब तिने स्वतः मांडलाय, वेदनेचे दिवस वेगळे, सुखाचे वेगळे. पुस्तकाच्या दुसऱ्या भागातल्या भुतांच्या हकिकती लोक वाचतात, अनुवादही त्यांच्याच जोरावर झाले. मला वाटतं खरा ऐवज पहिल्या भागात आहे: ती काय खात होती, कोणता दगड हातात घेतल्यावर तिला थंडी वाजायची, झोपेतून जागं होताना तिला काय वाटायचं. केर्नरांनी तिथे फारसा अर्थ लावलेला नाही, फक्त लिहिलंय, जसं सॉसेज खाऊन मेलेल्या माणसांविषयी लिहिलं होतं. ही पानं मराठीत यायला हवीत, आणि मी ती करायला घेतली आहेत. तिच्या बालपणापासून सुरुवात केली आहे: आजोबांबरोबर फिरायला जाताना एखाद्या जागी ती एकाएकी थरथरायची, हातातली हेझेलची काठी आपोआप वळायची, आणि आजोबा काही न विचारता तिला तिथून पुढे घेऊन जायचे.